शिंजिराचा जांभळा

माघातली सकाळ येवल्याच्या विणकर गल्लीत पुढच्या दाराने येते. घरांची तोंडं पूर्वेला, परसं पश्चिमेला. त्यामुळे सूर्य आधी ओट्यावर टेकतो, मग कौलांच्या पाठीवर चढतो, आणि निवांतपणे, नऊच्या सुमाराला, मागच्या बाजूला उतरतो. तोवर परसात नुसती सावली असते; निळसर, थंड, नुकती धुऊन वाळत घातल्यासारखी.

आधी उजळते ती मागची दगडी भिंत. मग भिंतीलगतचा शेवगा, शुभ्र फुलभाराने लवलेला, मधुगंधाने जडावलेला. मग न्हाणीजवळची पपई. मग धुण्याचा दगड. जास्वंदीचं झुडूप भिंतीच्या कोपऱ्यात दडलेलं, त्याच्या पानांआड ऊन पोचतं ते सगळ्यांत शेवटी. हा क्रम कधी चुकत नाही.

आणि शेवगा उजळला की तो येतो.

चिमणीहून लहान, बोटभर लांब. चोच सुईसारखी, पण टोकाशी वाकलेली. चंचल, मधुलोलुप, स्वरमत्त. या तुऱ्यावरून त्या तुऱ्यावर, त्या तुऱ्यावरून हवेत, हवेत क्षणभर पंख थरथरवत, पुन्हा तुऱ्यावर. आणि सारा वेळ बडबड. ‘चिवीट, चिवीट, चिवीट.’ एवढ्याशा गळ्यात एवढा आवाज मावतो कसा, असा प्रश्न पडावा. शिंजीर त्याचं नाव. फुलझाड असलेलं एकही परस तो सोडत नाही. त्याच्याकडे मान वर करून बघणारं माणूस मात्र प्रत्येक परसात असतंच असं नाही.

ही गोष्ट त्याच्या रंगाची आहे.

सावलीत तो काळा. आभाळाच्या उजेडावर पाहिला तर काळा. घाईत पाहिला तरी काळाच. पण ऊन पाहणाऱ्याच्या पाठीशी असेल, आणि पाहणाऱ्याला कुठे जायचं नसेल, तर त्या काळ्यातून रंग उठतात. मस्तकावर निळा. कंठावर जांभळा. खांद्यावर हिरवी झाक. मान वळली की निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा मोरपंखी, मोरपंखीचा पुन्हा काळा. सगळं मिळून चार-पाच क्षण. मग तो उडतो, आणि तुम्ही काही पाहिलं होतं की नव्हतं, याचीच शंका येते.

हिवऱ्यांच्या घरात हे रंग एकाच माणसाने पाहिले होते. हौसाबाईंनी.

हौसाबाई हिवरे, वय वर्षं त्रेसष्ट. मागच्या पडवीत, खांबाला पाठ टेकून, रहाटावर, धोट्यात बसवायच्या रेशमाच्या कांड्या भरायच्या. चाळीस वर्षं तीच पडवी आणि तोच खांब. त्यांचे यजमान दशरथ आतल्या खोलीत मागावर पैठणी विणायचे. पाय मागाखालच्या खड्ड्यात, मान खाली, डोक्यावर ट्यूबलाइट. दुसऱ्या मागावर मुलगा योगेश. सून पूनम घरातलं आवरून, वेळ काढून, त्याच्या शेजारी काठ भरायला बसायची. पण ताण्यातून इकडून तिकडे धावणारा धोटा कुणाचाही असो, त्यातला धागा आधी हौसाबाईंच्या बोटांतून गेलेला असायचा.

कांड्या भरणं हे त्यांचं अर्धं काम. दुसरं अर्धं अवघड होतं. रंगारी एकच रंग दोन खेपांना रंगवतो, तेव्हा तो एकच रंग राहत नाही. आधीच्या खेपेचा जांभळा आणि नंतरच्या खेपेचा जांभळा यांत केसाएवढं अंतर पडतं. लडी हातात असताना ते कळत नाही. साडीत उतरलं की मात्र आडवा पट्टा होऊन दहा हातांवरून दिसतं, आणि महिनाभराची मेहनत पाण्यात जाते.

म्हणून नवी लड आली की हौसाबाई ती उन्हात धरायच्या. शेजारी जुनी लड. डोळे बारीक करून दोघींकडे बघायच्या, आणि निकाल द्यायच्या: “बहिणी आहेत, पण सख्ख्या नाहीत. चुलत.” मग दोघींच्या कांड्या दोन टोपल्यांत. गल्लीतल्या बायकाही आपापल्या लडी पदराखाली झाकून आणायच्या. “मावशी, एवढं बघा ना, एकच आहे का?” मावशी सांगतील ते शेवटचं. हा मान त्यांना कुणी समारंभाने दिलेला नव्हता, पण तो त्यांचा होता, आणि तो त्यांना फार प्रिय होता.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत एक जांभळी पैठणी दशरथांच्या मागावरून उतरली. एका नवरीची. गर्द जांभळं अंग, सोनेरी काठ, पदरावर चार मोर. ओट्यावर चादर अंथरून ती उलगडली, आणि पदराच्या दोन हात अलीकडे सगळ्यांचे डोळे थांबले. तिथवर एक जांभळा होता. तिथून पुढे चार बोटं दुसरा.

मग पूनम हळूच म्हणाली, “पट्टा पडला.” योगेशने साडी वर उचलून उन्हात धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. दशरथ वाकून बघत होते. त्यांनीही मान हलवली.

“आई, टोपल्या मिसळल्या का गं तू?”

“नाही रे,” हौसाबाई म्हणाल्या. मग साडीकडे बघत, खालच्या आवाजात, “मिसळल्याही असतील.”

त्या पहिल्या वाक्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण चाळीस वर्षांत न चुकलेल्या माणसाला आपण चुकलो असू हे पटायला वेळ लागत नाही. चुकायची सवय असलेलाच जास्त वाद घालतो. नवरीकडच्यांना दुसरी साडी विणून देतो असं सांगावं लागलं. ते भले लोक होते, मुहूर्त लांबचा होता, निभावलं. घरात मात्र एक शंका येऊन बसली, आणि ती हौसाबाईंच्या डोळ्यांवर बसली.

दोनच दिवसांनी योगेश परसात दात घासत उभा होता. हौसाबाई रहाटापाशी. शेवग्याच्या अगदी शेंड्यावर, उजळ आभाळाखाली, शिंजीर गात होता. सहज बोलाव्या तशा त्या बोलल्या, “आज काय रंगात आलाय बघ. कसला जांभळा दिसतोय.”

योगेशने मान वर केली. “कोण?”

“तो काय, शेंड्यावर.”

“आई, कावळ्यासारखा काळा आहे तो.”

“काळा नाही रे. निळा आहे, जांभळा आहे. इकडं बसून बघ.”

त्याला बसायला वेळ नव्हता. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून पूनमला हाक मारली. तिने खिडकीच्या गजांतून डोकावून पाहिलं, झाडाच्या खालून वर, थेट उजेडात. “काळाच दिसतो हो आई,” ती म्हणाली. तिला वाईट वाटलं, पण तिला जे दिसलं ते तिने सांगितलं. योगेशने चूळ भरली, तोंड पुसलं, आणि आईजवळ येऊन उकिडवा बसला. पोरगा वाईट नव्हता. आवाज त्याने जमेल तेवढा मऊ ठेवला.

“आई, तू आता राहू दे. रहाटावर पूनम बसंल. मार्चमधे तुझे डोळे दाखवून आणू.”

हौसाबाईंनी हातातली कांडी पूर्ण भरली, धागा तोडला, कांडी टोपलीत ठेवली, आणि उठल्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी तांदूळ निवडले. एरवी जे काम कुणीही करतं ते त्या सुपावर नाक टेकवून करायच्या. खडा न् खडा काढायच्या, वेचलेल्या खड्यांची ओळ मांडायच्या, आणि निवडलेला तांदूळ पुन्हा निवडायच्या. घरात त्या पंधरवड्यात कुणाच्या दाताखाली कचकन काही आलं नाही, पण त्याकडे लक्ष कुणाचं गेलं नाही.

सकाळी नऊ वाजता मात्र सूप खाली ठेवून त्या स्वयंपाकघराच्या दारात यायच्या. डावा डोळा मिटून शिंजीर बघायच्या. मग उजवा मिटून. दोन्ही डोळ्यांना तो जांभळा दिसायचा. मग त्यांना भीती वाटायची. सगळ्यांना काळा दिसतो आणि आपल्यालाच जांभळा, म्हणजे आजार केवढा असेल! पदराने त्या डोळे चोळायच्या, पाण्याचे हबके मारायच्या, पुन्हा बघायच्या. तो तसाच. निळा, जांभळा, मोरपंखी, उद्धट.

एकदा शेजारची कुसुम लड घेऊन आली. “मावशी, एकच आहे का बघा ना.” हौसाबाईंचा हात पुढे झाला, आणि तसाच मागे आला. “पूनमला विचार आता,” त्या म्हणाल्या. कुसुम गेल्यावर त्या बराच वेळ न्हाणीत होत्या.

हे सगळं आतल्या खोलीत ऐकू जात होतं. मागावर दशरथ होते.

दशरथांना खरं माहीत होतं. हौसाबाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या त्या दुपारी त्यांची कांडी संपली. ते खड्ड्यातून वर आले, पडवीत गेले, आणि हाताला लागली त्या टोपलीतून कांडी उचलली. टोपल्या दोन होत्या. दोन्हींतला जांभळा त्यांना एकच दिसला. इतका एकच, की विचारावं असंही त्यांच्या मनात आलं नाही.

आणि साडी ओट्यावर उलगडली, सगळ्यांचे डोळे एका जागी थांबले, तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जांभळा. एकसंध, अखंड, निर्दोष. पट्टा त्यांना दिसलाच नाही. दिसत नसलेल्या पट्ट्याला त्यांनी मान हलवली.

ज्या विणकराचा डोळा गेला त्याला मागावरून उठवतात. रागाने कुणी उठवत नाही, प्रेमाने उठवतात, आणि तेच वाईट. गल्लीत असे तिघे-चौघे होते. सकाळी आंघोळ करून ओट्यावर येऊन बसत, आणि बसल्या बसल्या त्यांची बोटं मांडीवर हलत राहत. दशरथांनी पंचेचाळीस वर्षं खड्ड्यात पाय सोडले होते. मागाबाहेर दिवसाचं काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते भ्याले. पहिल्या दिवशी सांगणं सोपं होतं, दुसऱ्या दिवशी जरा अवघड झालं, आणि पंधराव्या दिवशी तर जीभच टाळ्याला चिकटली. रोज रात्रीच्या ताटावर ते बायकोकडे बघत, आणि पाणी मागत.

सोळाव्या सकाळी पूनमच्या हातातला धागा तुटला.

रहाट तिच्या हाताला अजून सरावला नव्हता. पंधरा दिवस ती खांबाला पाठ टेकून, मान खाली घालून बसत होती. वर बघायची तिला हिंमतच नव्हती. त्या दिवशी धागा तुटला, चाक थांबलं, आणि तिने वैतागून मान वर केली. नऊ वाजले होते. सूर्य तिच्या पाठीशी, कौलांवर. समोर उजळलेला शेवगा. आणि शेवग्याच्या खालच्या फांदीवर, डोळ्यांच्या रेषेत, तो.

तो वळला. काळ्यातून निळा उठला. निळ्यातून जांभळा.

“आई!” पूनम ओरडली. “अहो आई! जांभळाय हो! तुम्ही म्हणत होत्या तस्सा!”

योगेश धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. पूनमने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. “इथं बस. खांबाला टेक. आता बघ.” योगेशने बघितलं. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. “आयला,” तो म्हणाला. मग म्हणाला, “धूपछाव आहे हा तर. आपल्या साडीसारखा.” आणि मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जिथे हातात सूप धरून त्याची आई उभी होती, आणि त्याची नजर आपोआप खाली गेली.

“नाना!” त्याने आत हाक दिली. “काम राहू द्या. बाहेर या, हे बघून जा.”

आत धोटा थांबला. दशरथ आले. योगेशने त्यांना जागा करून दिली. ते खांबाला पाठ टेकून बसले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, बायकोच्या जागी.

शेवग्यावर ऊन सांडलं होतं. पांढऱ्या तुऱ्यांतून मादी आली, पोटाशी पिवळी. ती त्यांना दिसली, तिचा पिवळाही दिसला. तिच्यामागे नर आला. ऊन थेट त्याच्या अंगावर. फांदीवर बसला, छाती फुगवली, गळा सोडून गाऊ लागला. उजवीकडे वळला. डावीकडे वळला. दशरथांनी डोळे बारीक केले, मोठे केले, हाताचा आडोसा कपाळावर धरला.

“दिसला ना नाना? कसला जांभळा आहे!” योगेश म्हणाला.

एक ‘हो’ पुरेसा होता. तेवढ्यावर पक्षी उडाला असता, सगळे हसले असते, हौसाबाई रहाटावर परत बसल्या असत्या, आणि पट्ट्याचं काय झालं हे कुणी पुन्हा काढलं नसतं. माग राहिला असता. दिवस राहिला असता. दशरथांनी दाराकडे पाहिलं. हौसाबाई पक्ष्याकडे बघतच नव्हत्या. त्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, उन्हात लड धरून बघावं तशा.

“मला काळाच दिसतो,” दशरथ म्हणाले.

“नीट बघा ना, उन्हातच बसलाय.”

“बघितला बाबा. काळाच आहे.” ते मुलाकडे वळले. “पट्टाबी मला दिसला नव्हता. ती कांडी मी उचलली होती, योगेश. तुझी आई हळदीकुंकवाला गेली होती तेव्हा. तिनं काही मिसळलं नाही.”

शेवग्यावर तो गात होता, चिवीट, चिवीट, त्याला कुणाचं काय पडलं होतं!

हौसाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“पंधरा दिवस,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “पंधरा दिवस मी माझेच डोळे चोळत बसले. एक तांदूळ दोन-दोनदा निवडला, आणि तरी वाटायचं, राहिला असंल एखादा खडा.”

“भ्यालो गं,” दशरथ म्हणाले. “मागावरून उठवतील म्हणून भ्यालो.”

“आणि मला उठवलं तेव्हा?”

मान खाली घालून दशरथ आपल्या बोटांकडे बघत राहिले. योगेश काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, मोतीबिंदू असंल नाना, काढता येतो, उद्याच जाऊ. पूनमने त्याचा सदरा ओढला आणि दोघं आत गेले.

परसात ऊन वाढलं. पपई उजळली. धुण्याचा दगड उजळला.

हौसाबाई पडवीत आल्या. दशरथ उठायला लागले, तेव्हा त्यांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं. त्या शेजारी बसल्या. अगदी जवळ बसल्या नाहीत, मधे हातभर जागा ठेवली, आणि त्या जागेत रहाट ओढून घेतला. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं शोधली, थुंकी लावून पिळली, गाठ मारली. बोटांना ते काम सांगावं लागलं नाही. राग चेहऱ्यावर तसाच होता. तो काही एका सकाळीत उतरणारा नव्हता.

मग शेवग्याकडे बघत, नवऱ्याकडे न बघता, त्या बोलू लागल्या.

“डोक्यावर निळा आहे.”

दशरथ ऐकत होते.

“गळ्याशी जांभळा. नव्या खेपेचा नाही, जुन्या खेपेचा. आता वळला. आता हिरवट झाक मारतोय खांद्याला. आता सगळाच निळा.”

दशरथ मान वर करून त्या काळ्या ठिपक्याकडे बघत होते, आणि बायको सांगेल तिथे तिथे, जमेल तसा, रंग ठेवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे तो ठिपकाही नीट दिसेना. त्यांनी ते पुसलं नाही.

शिंजीर उडाला. तुरे हलले, चार पांढऱ्या पाकळ्या खाली आल्या. तो भिंतीच्या कडेने, सावली धरून गेला, आणि कोपऱ्यातल्या जास्वंदीत, ऊन न पोचलेल्या पानांच्या आत शिरला.

“आता?” दशरथांनी विचारलं.

हौसाबाईंनी रहाटाला हात घातला. चाक फिरू लागलं.

“आता काळा,” त्या म्हणाल्या. “आता दोघांना सारखाच.”

जास्वंदीचं एक फूल हललं, थांबलं, पुन्हा हललं. आत तो गात होता; इवला, काळा, सावलीतल्या सावलीत.